साडेतीन फुंकांचा सांधा

आमच्या घरात कामं फुंकांनी मोजत. बाळीचा सांधा एका फुंकेचा, नथीचा दीड, जोडव्याचा दोन, आणि डोरल्याचा शेवटचा सांधा साडेतीन फुंकांचा. माझे वडील, बाबूजी, सोनार होते. आमगावला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर होतं आणि घराच्या ओसरीवरच दुकान. दुकान म्हणजे एक घोंगडी, एक ऐरण, मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा जाड वातीचा दिवा, आणि बाबूजींच्या ओठात कायम असलेली वाकड्या टोकाची पितळी नळी. पुस्तकी शब्द बाकनळी असा आहे, पण आम्ही तिला फुकनीच म्हणत असू. दिव्याच्या ज्योतीत तिचं टोक धरून फुंकलं की ज्योत आडवी होते, सुईसारखी बारीक होते आणि नेमक्या जागी सोनं तापवते. ही ज्योत क्षणभरही थरथरता कामा नये. म्हणून सोनार गालात हवा साठवतो, गालांनी ती नळीत ढकलत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो. छाती एकदा पुरती रिकामी होऊन पुन्हा भरेपर्यंतचा वेळ म्हणजे बाबूजींची एक फुंक. मला मोजायची खोड लहानपणापासून आहे. सावकाश मोजलं तर ती बावीस आकड्यांची भरे.

आज घरात गॅसची चूल आहे आणि फुंकण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या घरात मात्र सकाळपासून हा शब्द कानावर पडे. पहाटे माय चूल फुंकायची. तिची लोखंडी नळी वेगळी, बाबूजींची वेगळी, आणि एकमेकांच्या नळीला दोघंही हात लावत नसत. ओल्या लाकडांचा धूर झाला की माय फुंकता फुंकता खोकायची आणि बाबूजी ओसरीवरून म्हणायचे, "भात फुकून राहिली का घर?" मग भाताची पेज यायची, पितळीच्या कडेला फुंकत फुंकत प्यायची, सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे. देवळातला शंख फुंकला की सकाळ झाली, गिरणीचा भोंगा फुंकला की दुपार. शेजारची म्हातारी दारात बिडी फुंकत बसे. मी चुलीवर हात भाजून घेतला की माय त्यावर फुंकर घाली, आणि दुखणं तिथल्या तिथे अर्धं होई. दिवा मात्र कोणी तोंडाने फुंकून विझवत नसे. त्याची वात तेलात ओढून तो मालवायचा. तोंडातला वारा दिव्याला लागू द्यायचा नाही, एवढंच मला माहीत होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं.

ते मला अकराव्या वर्षी कळलं. नवव्या वर्षी माझं लग्न झालं होतं. नवऱ्याला मी तीन वेळा पाहिलं: लग्नात, एका पोळ्याला, आणि एकदा आमच्या ओसरीवर पेरू खाताना. मग तो तापाने गेला. सासरच्यांनी मला बैलगाडीने आणून सोडलं. सोनाराच्या मुलीचे हात मोकळे झाले. कपाळही मोकळं झालं, पण माझ्या ध्यानात राहिलं ते वेगळंच. आठ-दहा दिवसांनी माय मला विहिरीवर घेऊन गेली आणि हळू आवाजात सांगत गेली. चूल फुंकायला हरकत नाही. स्वतःची पेज फुंकायला हरकत नाही. पण लग्नाघरचा, बारशाचा विस्तव फुंकायचा नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या डोळ्यात कण गेला तर फुंकर घालायला पुढे व्हायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत मोठ्याने श्वाससुद्धा सोडायचा नाही.

"कायले वो माय?" मी विचारलं.

"वारा लागते," माय म्हणाली. "तुह्या तोंडचा वारा आता चांगला नाही राहिला, शेवंते."

हे बोलताना ती रडत नव्हती. रहाट ओढत होती. तिने हे माझ्या भल्यासाठी सांगितलं, चारचौघांत कोणी हात धरून मागे ओढण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं म्हणून, हे मला पुढे समजलं. त्या वेळी एवढंच समजलं की मी श्वास सोडते तेव्हा त्यातून काहीतरी वाईट बाहेर पडतं. त्या दिवसांत मी माणसांशी बोलताना मान वळवून श्वास सोडायला शिकले. ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

बाबूजी या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. ते एकूणच कमी बोलत. दिवसभर तोंडात नळी असणाऱ्याला बोलायला जागा कुठे. पण एका दुपारी त्यांनी पाण्याने भरलेला लोटा माझ्यापुढे ठेवला आणि धानाच्या तणसातली एक जाड काडी तोडून दिली. "फुक यात," म्हणाले. "बुडबुडे थांबले नाही पायजेत. श्वास नाकानं घ्याचा."

हा सोनाराच्या पोरांचा पहिला धडा असतो हे मला माहीत होतं. आमच्या घरी पोरगा नव्हता; दोन झाले, जगले नाहीत. पहिल्या दिवशी माझे बुडबुडे नवव्या आकड्याला थांबले. पाणी नाकात गेलं. बाबूजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "गाल दुखते का?" "दुखते." "दुखले पायजे." बस, एवढंच. मायला वाटलं, पोरीचं मन रमवायला खेळ दिला आहे. दोन महिन्यांनी मी शंभरापर्यंत जाऊ लागले, वर्षाने पाचशेपर्यंत. बाबूजींच्या मनात तेव्हाच काही होतं का, की खरोखर नुसता खेळ होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

मी पंधरा वर्षांची झाले त्या साली बाबूजींना दमा धरला. हिवाळ्यात थोडा, होळीनंतर जास्त. चार पावलं चालले की भिंतीला हात लावून उभे राहत. नळी तोंडात असताना छातीतून मांजराच्या घुरघुरीसारखा आवाज येई आणि ज्योत तुटे. नथीचा सांधा कसाबसा होई. गिऱ्हाइकासमोर ते फुंकत नसत. "ठेवून जा, परवा या" म्हणत. सोनाराची फुंक गेली की सोनार गेला, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. डोरल्याची गोष्ट तर आणखी वेगळी. ज्याची बायको हयात आहे अशाच सोनाराच्या फुंकेने आमच्याकडे डोरलं होई. बायको गेलेल्या सोनाराकडे लोक बाळ्या देत, पाटल्या देत, डोरलं देत नसत. नवऱ्यामुलीच्या गळ्यात जायच्या सोन्यात कोणाचा श्वास गेला आहे, ते पाहिलं जाई.

मोह पडायचे दिवस होते. गावाबाहेरून त्याचा गोड, जड वास येई. दोन कोसांवरच्या एका गावातून एक पोवार म्हातारी आली. केसरबाई तिचं नाव. पांढरं लुगडं, हातात काठी, आणि बोलणं असं की समोरच्याने उठून उभं राहावं. मुलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिने पदराची गाठ सोडून एक जुनं डोरलं घोंगडीवर ठेवलं, दोन वाट्या आणि मधली कडी.

"माह्यंच हाय," ती म्हणाली. "मालक गेले तवापासून धानाच्या ढोलीत ठेवलं होतं. वितळव अना सुनेसाठी नवीन कर. दाणे बारीक पायजे, पहिल्यासारखे जाडेभरडे नोको."

बाबूजींनी तोललं. एका पारड्यात राजाच्या तोंडाचा रुपया टाकला की एक तोळा. डोरलं त्याच्या निम्म्याहून थोडं कमी भरलं, पाच मासे दोन गुंजा. "बाजाराच्या दिवशी घेऊन जा," ते म्हणाले. म्हातारी उठता उठता त्यांच्या छातीकडे पाहून म्हणाली, "दमा हाय का रे बापू तुले?"

"नाही जी. खोकला हाय थोडासा."

मी आत दाराशी बसून वात वळत होते. बाबूजी खोटं बोललेले मी पहिल्यांदा ऐकलं.

वाट्या घडवायला तीन दिवस गेले. ठोकायचं काम हाताचं होतं आणि हात चांगले होते. वाट्यांच्या कडेला मोहरीएवढे दाणे बसवले, एका वाटीला एकवीस. मग राहिला शेवटचा सांधा, मधली कडी दोन्ही वाट्यांना जोडणारा. त्याला हलक्या सोन्याची डाक लावायची, म्हणजे आधी वितळून सांधा जोडणारा तुकडा, वर टाकणखाराची पूड घालायची, आणि सगळं एकदम, एका दमात तापवायचं. मध्ये ज्योत तुटली तर डाक अर्धवट वितळते, दाणे सरकतात. पुन्हा तापवायला जावं तर आधीचे सांधे सुटतात. बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी बाबूजी बसले. पहिल्यांदा दुसऱ्या फुंकेला खोकला आला आणि सहा दाणे घरंगळले. ते पुन्हा बसवले. दुसऱ्यांदा अडीच फुंकांना ज्योत तुटली. या वेळी एका वाटीची कड पातळ झाली. त्यांनी ती बोटावर घेऊन खूप वेळ पाहिली. तिसऱ्यांदा बिघडलं तर कड जळणार होती, आणि पुन्हा वितळवून घडवायला दिवस उरले नव्हते.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला दिवा धरायला बसवलं. डाव्या हातात कोळशाची वडी, वडीवर डोरलं, उजव्या हातात चिमटा, तोंडात नळी. मी मनात मोजत होते. पहिली फुंक बावीस. दुसरी एकोणीस. कडी लाल व्हायला लागली. तिसरी सुरू झाली आणि अकराव्या आकड्याला त्यांच्या मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. डोळे पाण्याने भरले. मला दिसलं की आता खोकला येणार. त्यांनाही दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी रोज आठवते आणि अजूनही सांगू शकत नाही की त्यात विचारणं होतं की नुसती भीती. नळी त्यांच्या ओठांतून सुटली. ती घोंगडीवर पडायच्या आत मी धरली, न पुसता तोंडात घातली आणि फुंकले.

पितळ गरम होतं, त्याला त्यांची लाळ होती. ज्योत एकदा हलली आणि सरळ झाली. बाबूजी खोकत होते, अंग गदगदत होतं, पण डावा हात खांबासारखा स्थिर. चिमट्याच्या टोकाने ते दाखवत होते, इथे, आता इथे. मी डोळे कडीवरून काढले नाहीत. गाल जळत होते. माझ्या फुंका लहान होत्या, पंधरा-सोळा आकड्यांच्या. पाचव्या फुंकेला डाक पाण्यासारखी चमकली आणि दोन्ही वाट्यांत एकदम धावली. "बस," बाबूजी म्हणाले.

मान वर केली तर दारात माय उभी होती. हातातला पाण्याचा तांब्या तिने कधी खाली ठेवला, कोण जाणे.

"तुमी पोरीच्या तोंडात फुकनी देल्ली?" ती बाबूजींना म्हणाली.

"देल्ली नाही. तिनं घेतली."

"अना तुमी घेऊ देल्ली! डोरलं हाय ते. कोनाच्या पोरीच्या गळ्यात जाऊन राहिलं, काही खबर हाय? उद्या तिचं काही झालं तं?" मग माझ्याकडे वळून, "तुले इहिरीवर सांगतलं होतं ना मी?"

"वितळवा मग," मी म्हणाले.

"वितळवून नवीन कराले फुक कोनाची आनू?" बाबूजी म्हणाले. त्यांना धाप लागली. भिंतीला टेकून बसले. डोरलं कोळशावर काळं पडून निवत होतं. मायने ठरवलं होतं की केसरबाईला काही सांगायचं नाही. बाबूजींनीही मान हलवली होती. केसरबाई येईल तेव्हा मी आत राहायचं.

मी आत राहिले. केसरबाई आली, बसली, सुपारी कातरली. बाबूजींनी उजळलेलं डोरलं तिच्या हातावर ठेवलं. तिने दाणे मोजले, दोन्ही वाट्यांचे, बेचाळीस. "काम चांगलं केलं रे बापू," ती म्हणाली. मी दाराआडून हे ऐकलं आणि मला पुढचं सगळं दिसलं: मांडव, एक मुलगी, तिच्या गळ्यात हे. तिच्या सासूने बेचाळीस दाणे मोजून घेतले आणि एक गोष्ट मात्र आम्ही तिला मोजू दिली नाही. मी बाहेर आले.

"आजी, शेवटला सांधा मी फुकला."

मायने आतून माझं लुगडं धरलं होतं, ते सुटलं. केसरबाईने माझ्या हातांकडे पाहिलं, मग कपाळाकडे. बाजाराच्या रस्त्यावर कोणीतरी वांगी ओरडून विकत होता.

"काऊन?" ती म्हणाली.

"बाबूजीचा श्वास तुटला. थांबलो असतो तं सारं गेलं असतं."

"तुह्या बापाले किती फुका लागते?"

"साडेतीन."

"अना तुले?"

"त्याच्या अडीच झाल्या होत्या. माह्या पाच. मिळून साडेसात."

म्हातारीने डोरलं उलटं केलं, सांधा नखाने ओढून पाहिला. "घट्ट हाय," ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "सोनं माह्या गळ्यातून उतरलेलं. ते आगीतून काढून आनलं मी सुनेसाठी." तिने डोरलं कपाळाला लावून पदरात बांधलं. उठताना बाबूजींना म्हणाली, "दमा हाय म्हनून सांगाचं होतं. खोटं कायले बोलला?" आणि मला, "कोनाले सांगू नोको. मीबी नाही सांगत." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. मला तशी आशा होती, म्हणून ते लक्षात राहिलं.

लग्न झालं. सूनबाईचं नाव जमना. पुढच्या महिन्यात ती सासूबरोबर बाजाराला आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. माझ्याच वयाची, सावळी, दात किंचित पुढे. तेव्हापासून माझा एक नेम सुरू झाला. दर बाजाराला मी ओसरीवर बसून तिची वाट पाहायची. ती दिसली आणि गळ्यात डोरलं दिसलं की तो आठवडा गेला. ती दोन बाजार आली नाही तर मला जेवण जात नसे. एका पावसाळ्यात त्यांच्या गावात पटकीची साथ आली आणि ती लागोपाठ पाच बाजार आली नाही. मी देवापुढेही उभी राहत नव्हते, मागायचं तोंड कुठलं. सहाव्या बाजाराला ती आली, कडेवर पोर घेऊन. केसरबाई साथीत गेली होती. जमनाचा पदर वाऱ्याने सरकला आणि डोरलं उन्हात चमकलं. पदर नेहमीच असा आमच्या ओसरीसमोर सरकत असे. मला तो वारा वाटायचा.

बाबूजी त्यानंतर चार वर्षं जगले. दुकान त्यांच्या नावाचं, बसायला ते पुढे, आणि पडद्याआड फुंकायला मी. ते गेल्यावर पडदाही काढला. लोक आधी बिचकले, मग येऊ लागले. काम चोख होतं आणि वजनात गुंजेचा फरक नसे. बाळ्या, नथी, जोडवी, सगळं केलं. डोरलं एकही केलं नाही. कोणी घेऊन आलं तर मी त्यांना बाजारापलीकडच्या सोनाराकडे पाठवत असे. मायने कारण विचारलं नाही.

मग लढाईच्या दिवसांत, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या तेव्हा, एका बाजाराला जमना थेट ओसरीवर चढली. तीन पोरांची आई झाली होती. तिने पोत काढून घोंगडीवर ठेवली. डोरल्याची कडी एका बाजूने उकलली होती.

"पोरानं ओढली," ती म्हणाली. "झाळून द्या, बाई."

"मी डोरलं नाही करत. पलीकडं जा."

"पलीकडं कायले जाऊ? पहिले तुमीच फुकलं ना हे?"

माझा हात ऐरणीवर होता तो तिथेच राहिला.

"सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगतलं मले," जमना म्हणाली. "म्हने, तुह्या डोरल्यात एका पोरीच्या पाच फुका हाय. बाजारात ते पोरगी दिसन. तोंड फिरवू नोको, अना पदर बाजूले करून दाखवत जा. तिचा जीव टांगून असन."

मी विचारलं, "तुमाले भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. कवा कवा त्याईले ताप आला का वाटे." ती खरं बोलली याचं मला बरं वाटलं. "आता फुका लवकर. ते बाहेर खोळंबले हायत, अना पोत गळ्याबाहेर जास्त वेळ ठेवत नाहीत."

मी दिवा लावला, डाक कातरली, टाकणखार लावला. श्वास भरताना बाबूजींसारखीच ज्योत तुटेल असं वाटलं. तुटली नाही. आता माझीही फुंक बावीस आकड्यांची झाली होती. साडेतीन फुंकांत सांधा बसला. कडी निवेपर्यंत मी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. कडुलिंबाखाली सोडलेल्या गाडीच्या जुवावर जमनाचा नवरा उकिडवा बसला होता, डोक्याला पागोटं, मांडीवर लहानगं पोर, आणि निवांत बिडी फुंकत होता. त्याने धूर सोडला, तो पानांत गेला. पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. पोत जमनाच्या गळ्यात जाईपर्यंत मी ते मोजत बसले होते.